पक्षाघातात मेंदूच्या पेशी मरतात की त्यांच्यातील जोडण्या तुटतात?

दोन्ही घडते, मात्र जोडण्यांचे नुकसान अधिक दूरवर पसरते. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या पेशींना प्राणवायू व ग्लुकोज मिळेनासे होते, काही मिनिटांतच पेशीच्या आत-बाहेरच्या क्षारांचा समतोल राखणारे सोडियम-पोटॅशियमचे पंप बंद पडतात, दोन पेशींमधील फटीत, म्हणजे सायनॅप्समध्ये, ग्लुटामेट बेसुमार साचते आणि त्यामुळे समोरच्या पेशीत कॅल्शियम घुसून ती आतून पोखरली जाते. एरवी निरोप पोहोचवणारे रसायनच येथे विष ठरते, हे मला नेहमीच विलक्षण वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पेशीच्या शाखांवरील, जोडण्या धारण करणारे बारीक काटे नाहीसे झालेले आणि शाखा मण्यांच्या माळेसारख्या फुगलेल्या दिसतात. रक्तपुरवठा वेळीच पूर्ववत झाला, तर अशा अनेक शाखा मूळ आकारात परततात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे.

अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांच्या २००६ मधील अंदाजानुसार, मोठ्या रक्तवाहिनीतील अडथळ्यावर उपचार न झाल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी आणि १,४०० कोटी जोडण्या नष्ट होतात.

शिवाय इजेपासून दूर, उदाहरणार्थ विरुद्ध बाजूच्या लहान मेंदूत, पेशी शाबूत असूनही इजा झालेल्या भागाकडून येणारे संदेश थांबल्याने त्यांचे काम मंदावते. पुढील आठवड्यांत इजेच्या कडेच्या पेशी नवे फाटे फोडतात, आणि सदऱ्याचे बटण लावण्यासारखा कंटाळवाणा सराव रुग्णाकडून शेकडो वेळा करवून घेतला जातो तो हे फाटे उपयोगी ठिकाणी जोडले जावेत म्हणूनच.