विमानात बसायची भीती आणि माझ्याकडे आलेल्या एक ताई

"मॅडम, विमानाचं तिकीट काढलं की रात्रीची झोपच उडते, काय करू?" हा प्रश्न हल्ली फार येतो, 2025 च्या जूनमध्ये अहमदाबादला विमान पडलं त्यानंतर तर जास्तच. म्हणून एका ताईंचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पन्नाशीच्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या, एरवी खमक्या. मुलीचं बाळंतपण दिल्लीला. मी विचारलं भीती नेमकी कुठे सुरू होते, तर म्हणाल्या टेकऑफनंतर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो, पोट खाली गेल्यासारखं होतं आणि वाटतं इंजिन बंद पडलं, संपलं आता. मग छातीत धडधड, हात गार, आणि पाय असे रोवून धरायच्या की जणू ब्रेकच दाबतायत.

तर तो आवाज कमी होणं नॉर्मल आहे. उडताना इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, ठराविक उंची गाठली की तो कमी करतात, विमान तेव्हाही वरच चाललेलं असतं पण चढायचा वेग कमी झाला की आपल्या कानातला तोल सांभाळणारा भाग फसतो आणि आपण खाली चाललोय असं वाटतं. आणि त्याआधी खालून धाडकन आवाज येतो ती चाकं आत जातात. हे कळल्यावर ताईंना हायसं वाटलं, पण नुसत्या माहितीने धडधड थांबत नाही हे मी सगळ्यांना आधीच सांगते.

खरी भीती त्या धडधडीचीच होती. पॅनिक साधारण दहाएक मिनिटांत शिगेला पोचतं आणि मग आपोआप उतरतं, पण ताई तिथवर थांबायच्याच नाहीत, दरवेळी तिकीट कॅन्सल, की लगेच बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्यानेच भीती पक्की होत गेली. मग पळून न जाता ती धडधड उतरेपर्यंत थांबायची सवय व्हावी म्हणून आम्ही हेडफोनवर टेकऑफचे आवाज ऐकत बसायचो, पाय सैल सोडून, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देत. सुरुवातीला रडल्या. पुढे पुढे चक्क कंटाळल्या, मला तेच हवं होतं!

गेल्या दिल्लीला. घाबरल्या? हो, पण पाय सैल ठेवले, चढतानाच एअर होस्टेसला सांगून ठेवलं होतं, आणि येतानाही विमानानेच आल्या. तुम्हीही तसं सांगून ठेवा, पंखाजवळची सीट घ्या, तिथे हादरे कमी जाणवतात, आणि कुणाचीतरी झोपेची गोळी किंवा दारू घेऊन अजिबात बसू नका, औषध लागणारच असेल तर सायकियाट्रिस्टना विचारूनच घ्या.