पस्तिसावा आठवडा, बायकोचं हिमोग्लोबिन ६.५. रक्त चढवावंच लागेल, की गोळ्यांवर भागेल?

रक्त चढवावं लागेल. आता गोळ्यांवर विसंबू नका. मी सांगलीत रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, डॉक्टरांच्या अशा चिठ्ठ्या नेहमी येतात. ३४ आठवड्यांनंतर ७ च्या खाली असेल तर डॉक्टर रक्तच सांगतात, कारण गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि साध्या बाळंतपणातही अर्धा लिटरपर्यंत रक्त जाऊ शकतं. लाल पेशींची एक पिशवी साधारण १ ग्रॅमने वाढवते. पिशवी काखेत धरून ऊबवू नका (हे रोज बघतो!), थेट वॉर्डात द्या, बाहेर काढल्यापासून ४ तासांत संपली पाहिजे. आणि तुम्ही रक्तदान जरूर करा, पण तुमचं रक्त तिला नको, पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ शकतो. हिमोग्लोबिन ८ असतं आणि हातात महिना असता, तर शिरेतून लोहाचं सलाईन पुरलं असतं.