‘द स्काय क्रॉलर्स’ पहिल्यांदा बघताना

विमानांच्या लढाया बघायच्या म्हणून हा सिनेमा लावणार असशील, तर आधी एवढं ऐक. लढाया आहेत आणि जबरदस्त आहेत, पण दोन तासांतला बराचसा वेळ हवाई तळावरच्या शांततेत जातो. जपानी दिग्दर्शक मामोरू ओशीईने २००८ साली हा अ‍ॅनिमेशन सिनेमा मुद्दाम संथ ठेवलाय. कंटाळा आला तरी सिनेमा पुढे पळवू नकोस, फोनही बाजूला ठेव.

वैमानिक म्हणजे कोवळी पोरं. त्यांचं वय वाढतच नाही, मरण येतं ते लढाईतच. युद्ध चालवतात कंपन्या, बाकीच्या जगाला शांततेची किंमत कळावी म्हणून! हे कुणी नीट बसून समजावत नाही, बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनी कळतं.

म्हणून हातांकडे बघ. एक पोरगा वर्तमानपत्र वाचून झालं की ते नीट, कडेला कड जुळवून घडी घालतो. पहिल्यांदा ते सहज नजरेतून निसटतं. पुढे तीच घडी पुन्हा दिसते तेव्हा माझ्या पोटात अक्षरशः गोळा आला होता. का, ते तुझं तूच बघ.

जमीन हाताने रेखाटलेली, आकाश संगणकावर घडवलेलं. हा फरक आधी खटकतो. मला तो पटतो, कारण ही पोरं खरी जिवंत वाटतात ती वरच. हेडफोन लाव, इंजिनांचे आवाज स्कायवॉकर साउंड या अमेरिकन ध्वनी-स्टुडिओने केलेत.

आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नकोस. तिच्यानंतर अजून एक प्रसंग आहे.