पहिल्या सरकाराचं कर्ज आणि पहिल्या वर्षाची मुलगी

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. मुलगी बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे तिचे विषय. कॉलेजात तिला सेमिनारसाठी ‘अमेरिकेच्या पहिल्या सरकारापुढची आर्थिक व परराष्ट्र धोरणाची आव्हानं’ हा विषय मिळालाय. महिनाभर रात्री जागून वाचतेय. आता म्हणते, पुढच्या वर्षी इतिहासच मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेणार, गणित जमत नाही म्हणून अर्थशास्त्र सोडणार आणि परराष्ट्र सेवेत जाणार. मी म्हणतो, बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या देशाच्या भानगडी वाचून पोट भरणार आहे का?

उत्तर :

दादा, तुमची काळजी रास्त आहे. पण मुलगी काय वाचतेय ते आधी ऐका. तुमचं आयुष्य ज्या हिशेबात गेलं, तोच हिशेब ती वाचतेय.

३० एप्रिल १७८९ ला जॉर्ज वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा तिजोरी जवळजवळ रिकामी होती. ब्रिटनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज मात्र डोक्यावर होतं. केंद्राचं सुमारे ५.४ कोटी डॉलर, त्यातले एक कोटीहून जास्त फ्रान्स, हॉलंड अशा परदेशी सावकारांचे. शिवाय राज्यांचं अंदाजे अडीच कोटी वेगळं. लढलेल्या सैनिकांना पगाराऐवजी ‘पैसे नंतर देऊ’ अशा हमीचे सरकारी कागद मिळाले होते. घरी चूल पेटायची म्हणून अनेकांनी ते व्यापाऱ्यांना विकले, दर्शनी किमतीच्या पाचव्या हिश्श्याला, कधी त्याहूनही कमी भावात.

हे वाचताना मला माझी मावशी आठवते. आमच्या भागातली एक पतसंस्था अडचणीत आली, तेव्हा तिच्याकडे ऐंशी हजारांची ठेवपावती होती. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. एकाने तीस हजार रोख मोजले आणि पावती घेऊन गेला. पुढे त्याच पावत्यांचे पैसे सुटायला लागले, तेव्हा मावशी दोन दिवस जेवली नाही.

अमेरिकेत १७९० साली नेमका हाच वाद पेटला. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन म्हणाले, कागद आज ज्याच्या हातात आहे त्यालाच पूर्ण पैसे द्या. संसदेतले व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन म्हणाले, आजच्या मालकाला बाजारातला चढा भाव द्या आणि उरलेलं मूळ सैनिकाला. मॅडिसन हरले. हॅमिल्टन यांचं म्हणणं असं की सरकारने सही केलेल्या कागदावर उद्या कुणी शंका घेतली, तर नव्या देशाला परत कुणी कर्ज देणार नाही. मला अजूनही दोघांपैकी एकाची बाजू ठामपणे घेता येत नाही. मावशीकडे पाहिलं की मॅडिसन पटतात, बाजाराकडे पाहिलं की हॅमिल्टन. राज्यांची कर्जं केंद्राने घ्यायची की नाही, हा दुसरा वाद. बरंचसं कर्ज फेडून बसलेल्या व्हर्जिनियाने त्याला कडाडून विरोध केला. अखेर राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी न्यायची, या बोलीवर तो मिटला.

खरी गंमत पुढे आहे. हे कर्ज फेडायला पैसा कुठून आणायचा? मुख्यतः आयात मालावरच्या जकातीतून. आणि आयात सर्वांत जास्त कुठून? ज्या ब्रिटनशी नुकतेच लढले, त्याच ब्रिटनकडून. १७९३ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात युद्ध जुंपलं. फ्रान्सशी १७७८ पासून मैत्रीचा करार होता, तरी वॉशिंग्टन यांनी २२ एप्रिल १७९३ ला तटस्थता जाहीर केली. ब्रिटिशांनी अमेरिकी जहाजं धरली, लोक खवळले, तरीही सरन्यायाधीश जॉन जे यांना लंडनला पाठवून १७९४ मध्ये तह केला. सेनेटने, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, तो कसाबसा, २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे लागणारी बरोबर दोन तृतीयांश मतं मिळवून मंजूर केला. जॉन जे यांचे पुतळे गावोगाव जाळले गेले. पण ब्रिटनशी युद्ध म्हणजे जकात बंद, आणि जकात बंद म्हणजे पत गेली, हे हॅमिल्टन यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मुलीला माझं सांगणं आहे की अर्थशास्त्र सोडू नकोस. तुला जे आवडलंय त्यात पैसा आणि परराष्ट्र धोरण एकमेकांत विणलेले आहेत. एक धागा ओढून काढलास तर सेमिनारच उसवेल. मी तर म्हणेन, अर्थशास्त्र मेजर घे आणि इतिहास मायनर, म्हणजे दुय्यम विषय, ठेव. यूपीएससीत वैकल्पिक विषय पदवीच्याच विषयातला लागतो असं नाही, त्यामुळे इतिहास तिथे घेता येईल. उलट इतिहासावरून भारतीय आर्थिक सेवेत जाता येत नाही, तिथे अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीच लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागाचंही तसंच. परराष्ट्र सेवेला कुठलीही पदवी चालते, पण तिथे नंबर फार वरचा लागतो. तेवढ्या एकाच दारावर सगळी वर्षं लावू नयेत.

गणिताची भीती खरी आहे, पण ती आताच मोडता येते. अकरावी-बारावीचं गणित एखाद्या शिक्षकाकडे बसून रोज तासभर करावं. वर्षभरात आलेख अंगावर येणार नाहीत. पदवीनंतर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत किंवा दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात प्रवेशासाठी लागणाऱ्या परीक्षेला बसावं.

आणि दादा, बँकेचा क्लास आत्ता नको. त्या परीक्षेला पदवी लागते, काही बँकांना निदान पदवीचं शेवटचं वर्ष. आत्ता भरलेली फी वाया जाईल. तिसऱ्या वर्षी जरूर लावा, तो दुसरा आधार हवाच.

सी. डी. देशमुख हे नाव तुम्हाला माहीत असेल. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात, पुढे देशाचे अर्थमंत्री. आपल्या मराठी माणसाने हिशेब आणि परदेशाशी बोलणी ही दोन्ही कामं केली. तिने पुढचा सेमिनार आपल्याच पहिल्या सरकारावर करावा. २६ नोव्हेंबर १९४७ च्या पहिल्या अर्थसंकल्पात साडेसात महिन्यांसाठी उत्पन्न १७१.१५ कोटी धरलं होतं आणि खर्च १९७.३९ कोटी, त्यातला जवळपास निम्मा संरक्षणावर. तेव्हाचे अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांचं ते भाषण अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. हॅमिल्टन आणि वॉशिंग्टन यांची पत्रं ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर आहेत. इंग्रजी जुनं आहे, पण रोज एक पान वाचलं तरी इंग्रजीचा सराव होईल.

आज रात्री दुकानातून घरी गेलात की तिच्याजवळ बसा आणि विचारा : कागद ज्याच्या हातात त्याला पैसे द्यायचे, की ज्याने घाम गाळला त्याला? ती काय म्हणते ते ऐका, मग तुमचं मत सांगा. त्यावर ती वही पुढे ओढून लिहायला लागली, तर ती वही घेऊन दोघंही माझ्याकडे या.