वांगावर ज्येष्ठमधाची पूड लावावी का?

बाळंतपणानंतर गालांवर वांग आलंय, ऊन लागलं की चेहरा लाल होऊन चुरचुरतो, तर गुलाबपाण्यात कालवून ज्येष्ठमधाची पूड लावू का, असं तुम्ही विचारलंय. ज्येष्ठमध जरूर वापरा, पण पुडीचा लेप नको.

मी क्रीम-लोशन बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि या मुळावर माझा मनापासून विश्वास आहे. त्याला गोडी येते ती ग्लिसिरायझिनमुळे. चुरचुर आणि लाली कमी करायला हेच कामी येतं, आणि ते पाण्यात उतरतं. वांगासाठी मात्र हवं असतं याच मुळातलं दुसरं द्रव्य, ग्लॅब्रिडिन. त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार व्हायला टायरोसिनेज हे एन्झाइम लागतं. ग्लॅब्रिडिन त्यालाच आवर घालतं, शिवाय ते चांगलं अँटिऑक्सिडंटही आहे. अडचण एकच, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे तुमच्या गुलाबपाण्याच्या लेपातलं बहुतेक ग्लॅब्रिडिन पुडीतच राहणार आणि तोंड धुताना वाहून जाणार. त्यात ही पूड कितीही वस्त्रगाळ केली तरी लाकडी, तंतुमय. चोळून काढली की त्वचा दुखावते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशा प्रत्येक दाहानंतर नवा डाग पडू शकतो. वांग घालवायला जाऊन तेच वाढवायचं, असं नको.

तयार सीरम किंवा क्रीम घ्या आणि घटकांची यादी वाचा. ‘ग्लॅब्रिडिन’ लिहिलेलं असेल तर उत्तम. ‘डायपोटॅशियम ग्लिसिरायझेट’ असेल तर ते लालीसाठी चांगलं, वांगासाठी त्याच्यावर विसंबू नका. नुसतं ‘ज्येष्ठमध अर्क’ म्हटलं असेल तर तो कशात काढलाय ते कळत नाही. आधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि वांग फिकं होतं. पूर्ण पुसलं जाईलच असं नाही.

सनस्क्रीन नसेल तर हे सगळं वाया. वांगाला अतिनील किरणांसोबतच डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही भोवतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन निवडा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. औषधाच्या दुकानातून कुणी ‘गोरं करणारी’ ट्यूब दिली असेल तर तिच्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही आहे का बघा. ही स्टेरॉइड आहेत. 2018 मध्ये सरकारने अशा 14 स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, तरी ती सर्रास हातात पडतात. पहिल्या काही दिवसांत चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, मुरूम येतात. तुमची लाली त्यातलीच असू शकते. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंदही करू नका, चेहरा भडकतो. ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.