वडिलांच्या वह्या परत करा

ताई, तुमच्या पत्रात मला वय किंवा नोकरीतला खंड यांपेक्षा एक ओळ जास्त खुपली : ‘दर रविवारी बाबा माझी तोंडी परीक्षा घेतात.’ वय ४२, एम.ए. ५७ टक्के, २००९ची सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा), दोन वर्षं शिकवलं, मग १४ वर्षं घर. आता जुलैपासून तासिका तत्त्वावर (सीएचबी) प्रथम वर्षाला मराठ्यांचा इतिहास मिळालाय. आणि इतिहासाचेच निवृत्त प्राध्यापक असलेले बाबा सनावळ्या विचारतात, अडखळलात की म्हणतात, ‘आधी पीएच.डी. कर, मग वर्गात जा.’ हेतू चांगलाच असेल. पण तुमचा धीर खचलाय तो या रविवारांनी. १४ वर्षांचा खंड बिचारा निमित्तमात्र. रविवार बंद करा. त्यांनी वाचायला दिलेल्या वह्याही परत द्या. ‘दोन महिन्यांत सगळं वाचून होईल का?’ असं तुम्ही विचारता. नाही होणार, आणि वाचायचंही नाहीये.

‘सेट जुनी झाली असेल’ ही भीती मात्र आजच सोडा. मुदत असते ती जेआरएफच्या, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीच्या, पत्राला. प्राध्यापकपदाची सेटची पात्रता कायम राहते. विद्यापीठ विभागांत थेट भरतीला पीएच.डी. सक्तीची करायचं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८मध्ये ठरवलं होतं. ते लांबत गेलं आणि १ जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट यांपैकी एक पात्रता परीक्षा हीच किमान अट राहिली. पीएच.डी. लागते ती पुढे, सहयोगी प्राध्यापक होताना. बाबा सांगतात तो नियम आज नाही.

सीएचबीचे पैसे घेतलेल्या तासांचे, सुट्टीत शून्य. घरच्या शिकवण्या सोडू नका.

तयारीचं म्हणाल तर आधी विभागप्रमुखांकडून चालू अभ्यासक्रम आणा. पेपर दोन क्रेडिटचा असेल तर हातात जेमतेम ३० तास. त्यात सगळी बखर मावत नाही. एक तास पुरंदरच्या तहाला द्या. १६६५, २३ किल्ले गेले, १२ राहिले, एवढं मुलांना शाळेपासून पाठ असतं. तुम्ही महाराष्ट्राचा कोरा नकाशा द्या आणि किल्ले मांडायला सांगा. पुरंदर, कोंढाणा गेले. राजगड, तोरणा, रायगड राहिले. हेच का राहिले, असं विचारा आणि गप्प बसा. दोन मिनिटं कुणी बोलणार नाही, मग कुणीतरी घाटवाटांकडे बोट दाखवेल. तमिळनाडूतली जिंजी महाराष्ट्रात नसून २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत कशी, हा दुसऱ्या तासाचा प्रश्न. असे आठ तास आधी बांधा, बाकीचे शिकवता शिकवता होतील.

आणि बाबांना काही विचारायचंच असेल, तर शेवटच्या बाकावरची मुलं त्यांच्या तासाला कधी मान वर करायची, ते विचारा.