गाडीला ऑल-सीझन टायर घ्यावेत की समर?

आधी एक तापमान बघा: ७ अंश सेल्सिअस. तुमच्याकडे हिवाळ्यातही पारा सहसा त्याच्या वरच राहत असेल तर डोळे झाकून समर घ्या.

नावावर मात्र जाऊ नका. समर टायर पावसातही चालतात, आणि चांगलेच चालतात. हवा उबदार असेल तर ओल्या रस्त्यावरसुद्धा ब्रेक दाबल्यावर ते सहसा ऑल-सीझनपेक्षा कमी अंतरात गाडी थांबवतात. त्यांची खरी अडचण थंडीची. पारा ७ अंशांच्या खाली गेला की त्यांचं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड कमी होत जाते, मग रस्ता कोरडा ठणठणीत का असेना. बर्फावर तर ते वापरूच नयेत.

ऑल-सीझनचं रबर थंडीतही बऱ्यापैकी मऊ राहतं. त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. पण याच मऊपणामुळे कडक उन्हात, वेगात वळण घेताना टायर थोडा लिबलिबीत वाटतो. थोडक्यात, दोन्हीकडे तडजोड.

वर्षात मोजके दिवस हलका बर्फ पडत असेल तर ही तडजोड मला पटते, दोन सेट सांभाळायची कटकट नको. फक्त घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह शोधा. ते बर्फावरची चाचणी पास झाल्यावरच मिळतं. नुसतं 'एम प्लस एस' (M+S, म्हणजे मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्याला चाचणी लागत नाही. महिनोन्‌महिने बर्फ असेल तर मात्र वेगळे विंटर टायरच हवेत.